करडीच्या तेलाचा ब्रेक

गफूर मिस्त्रीची गोष्ट कुणाला खरी वाटायची नाही, आणि ती वाटू नये अशीच त्याची इच्छा असायची. सांगायला बसला की आधी तो हातातल्या पान्यानं बाकडं ठोकायचा आणि म्हणायचा, "आता मी जे सांगून राहिलो, त्यावर तुमचा इश्वास बसला तर माझं नाव बदला." समोरचा हसला की गडी खूश.

लातूरच्या डाळमिलच्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं, मागं दोन खोल्यांचं घर, आणि दोन्हींच्या मधे गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या अलीकडं मिस्त्रीचं राज्य, पलीकडं त्याच्या बायकोचं, गौसियाचं. अलीकडं बोललेलं सगळं पलीकडं ऐकू जायचं. पलीकडून बांगडीच्या आवाजापलीकडं काही यायचं नाही.

त्याची सगळ्यात लाडकी गोष्ट भूकंपाची. त्र्याण्णव साली गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे चारच्या आत जमीन हलली. उजाडायला गफूरनं आपली जुनी जीप काढली. गौसियानं तीत पिठाचं पोतं, डाळ आणि करडीच्या तेलाची बाटली कोंबली. तिकडं जगलेल्यांच्या पोटात काही तरी जायला पाहिजे, म्हणाली. औशाकडच्या एका गावात रेणापूरचे अमृतराव दोन्ही हातांनी माती उपसत होते. त्यांची बायको सिंधु गौरी-गणपतीला माहेरी आलेली, ती धाब्याच्या घराच्या मातीखाली होती. बाहेर काढली तेव्हा मांडीचं हाड मोडलेलं, पण जीव होता. तिच्यासोबत आणखी आठ जणांना जीपमधे घालून गफूर निघाला, आणि दगडधोंड्यांच्या त्या रस्त्यावर ब्रेकचा पाईप फुटला. पायडल सरळ तळाला.

गफूरनं काय केलं, तर फुटलेला पाईप हातोडीनं ठेचून बंद केला आणि ब्रेकच्या टाकीत गौसियाची करडीच्या तेलाची बाटली उलटी केली. उरलेल्या तीन चाकांच्या ब्रेकवर जीप लातूरच्या सरकारी दवाखान्याच्या दारात उभी केली. सिंधु जगली. एक पाय दोन बोटं आखूड राहिला, तेवढंच.

हे झालं घडलेलं. सांगता सांगता नऊ माणसांची चौदा झाली, चौदाची एकवीस, मग टपावर एक शेळी चढली. शेजारच्या टायरवाल्या चंद्रप्पाचा धंदाच होता मिस्त्रीला मधे अडवायचा. "मागल्या खेपेला शेळी एक होती, मिस्त्री," तो म्हणायचा, "आज दोन झाल्या." गफूर डोळा न लववता सांगायचा, की दुसरी वाटेत व्याली. लोक हसून हसून आडवे व्हायचे. गंमत अशी, की लोक एकवीस माणसं पचवायचे, शेळीसुद्धा पचवायचे, पण तेल कुणाच्या घशाखाली उतरायचं नाही. फोडणीच्या तेलावर कुठं जीप थांबती का? गोष्टीतली एकच गोष्ट खरी, आणि नेमकी तीच लोकांना थाप वाटायची.

एक शेपूट मात्र त्या गोष्टीला होतं, ते गफूर कधी सांगायचा नाही. आठव्या दिवशी त्या जीपचे ब्रेक आवळले. चाकं फिरेनात, ड्रमला हात लावला तर चटका बसला. सगळं खोलून बघितलं तेव्हा आतली रबरं तेल पिऊन फुगली होती, भिजत घातलेल्या हरभऱ्यावाणी. त्यानं ती गौसियाला दाखवली. अजून चार दिवस चाललो असतो तर बारा वाजले असते, म्हणाला, नवी रबरं घातली, आणि विषय संपला. गोष्टीत असल्या शेपटाला जागा नसते. दहा वर्षं त्यानं ते सांगितलं नाही, आणि न सांगता सांगता त्याच्याच डोक्यातून ते पुसलं गेलं. मला विचाराल तर थापाड्याला धोका असतो तो एवढाच. लोकांना नाही फसवत तो, स्वतःच फसतो.

मधल्या दहा वर्षांत लातूर बदललं. इथल्या क्लासात शिकलं की पोरगं डॉक्टर होतं, अशी हवा झाली, आणि जिल्ह्याजिल्ह्यातून पोरं ट्रंका घेऊन उतरायला लागली. अमृतरावांनी रेणापूरचं रान बटईनं लावलं, लातुरातल्या जागेवर तीन मजले चढवले आणि खोलीत चार चार खाटा टाकल्या. त्यांची स्वतःची शिल्पा त्याच घरात राहून क्लासला जायची. सिंधुताई त्या लंगड्या पायानं सगळ्या पोरांच्या डब्यावर लक्ष ठेवायच्या.

त्या घरानं एक रीत पाळली होती. लांबच्या गावाला जायचं, तर गाडीला आधी गफूर मिस्त्रीचा हात लागला पाहिजे. मग ती मोटारसायकल असो, ट्रॅक्टर असो, भाड्यानं केलेली गाडी असो. नारळ नंतर, लिंबू नंतर, आधी मिस्त्रीचा हात. ही रीत सिंधुताईंनी पाडली. "माझा जीव ज्या हातानं आणला, त्या हाताची गाडी मला चालती," असं त्या म्हणायच्या. गफूर बॉनेटवर हात ठेवायचा, मनात बिस्मिल्ला म्हणायचा, एखादा नट आवळल्यासारखं करायचा आणि जा म्हणायचा.

मग अमृतरावांनी नवी कोरी गाडी घेतली. सीटांवरचं प्लास्टिक तीन महिने झाले तरी काढलं नव्हतं. बसलं की कुरकुर वाजायचं. गाडीवर ड्रायव्हर ठेवला व्यंकट, मुखेडकडचा, दोन लेकरांचा बाप, तोंडात सुपारी आणि कपाळाला बुक्का. शोरूमवाल्यानं ताकीद दिली होती, की बाहेरच्या माणसाला बॉनेट उघडू द्यायचं नाही. पण रीत ती रीत. जून महिन्यातल्या एका शुक्रवारी गाडी गॅरेजसमोर उभी राहिली, आणि मागच्या काचेतून सिंधुताई म्हणाल्या, "मिस्त्रीभाऊ, हात लावा. उद्या रेणापूरला जायचंय."

गफूरनं बॉनेट उघडलं आणि त्याला काही सुचेना. जुन्या जीपमधे अख्खा माणूस उतरायचा. इथं बोट घालायला जागा नव्हती. जिकडं तिकडं काळी झाकणं. आवळायला एक नट दिसेना. आणि मागं बाकड्यावर चंद्रप्पा बसलेला, दोन गिऱ्हाइकं उभी. चंद्रप्पा बोललाच, "मिस्त्री, आता तुमचं काम फक्त गाडी पुसायचं राहिलं बघा."

तेवढ्यात गफूरला ब्रेकची छोटी टाकी दिसली. तेल खुणेच्या अर्धं बोट खाली होतं. नव्या गाडीत एवढं होतंच, त्यानं काही बिघडत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. पण हाताला काम सापडलं. तो मोठ्यानं म्हणाला, की बघा, शोरूमवाल्यांनी तेल कमी सोडलंय. मग फळीवरचा ब्रेक-ऑइलचा डबा उचलला तर तो रिकामा. पार्टचं दुकान शुक्रवारी बंद. सगळे बघत होते. गफूर डबा घेऊन पडद्याआड गेला.

गौसिया मागं धुणं वाळत घालत होती. चुलीशेजारी करडीच्या तेलाची बाटली होती. त्या क्षणी त्याला खरोखर वाटलं, की ह्या तेलानं ह्या बाईला एकदा वाचवलंय, हे तेल तिला लाभतं. दहा वर्षं तो हीच गोष्ट सांगत आला होता. दुसरं त्याला काय वाटणार? त्यानं डब्यात दोन बोटं तेल ओतलं, बाहेर आला, कंपनीच्या डब्यातून टाकी खुणेपर्यंत भरली आणि झाकण लावून बॉनेटवर हात ठेवला.

संध्याकाळी गौसियानं बाटली उजेडात धरली आणि विचारलं, तेल कुठं गेलं. मांजरानं सांडलं, तो म्हणाला. तिनं खाली फरशीकडं बघितलं. फरशी कोरडी होती. 

आठ-नऊ दिवस गाडी इकडं तिकडं चालली. मग शिल्पाचा निकाल लागला. तिला नांदेडला मेडिकलची जागा मिळाली. सिंधुताईंनी दहा किलो पेढे करवून घेतले आणि पहिला डबा मुखेडला थोरल्या बहिणीच्या घरी द्यायचा, असं ठरवलं. अमृतरावांकडं नवीन पोरांच्या खोल्यांची गर्दी, ते आणि शिल्पा राहिले मागं. सकाळी गाडी आधी गॅरेजला आली. सिंधुताईंनी पेढा गफूरच्या हातावर ठेवला, दुसरा पडद्याआडून गौसियाला दिला, दोघी हसून काही तरी बोलल्या.

व्यंकट तेवढ्यात गफूरला बाजूला घेऊन म्हणाला, "चाचा, गाडी ओढून राहिली कालपासून. उतारावर सोडली तरी पळत न्हाई. चाकापाशी जळल्यावाणी वास येतोय."

गफूरनं वाकून चाकापाशी हात नेला. ऊब होती. नाकात तो वास गेला, आणि दहा वर्षांपूर्वीचं काही तरी त्याच्या डोक्याच्या तळाशी हललं; पण वर आलं नाही. मागं चंद्रप्पा बसलेला होताच. गफूर हसून म्हणाला, "नवी नवरी हाय, व्यंकट्या. अंगाला हळदीचा वास यायचाच. तू नाकाच्या भानगडीत पडू नको, समोर बघून चालव."

चंद्रप्पा हसला, सिंधुताई हसल्या, व्यंकटही कसनुसा हसला. गफूरनं बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "जा."

मुखेडच्या अलीकडं टेकडीवरून रस्ता खाली येतो, खाली वळण आणि वळणावर ओढ्याचा पूल. ऐंशी-नव्वद किलोमीटर आवळलेल्या ब्रेकांनी तापत आलेली गाडी त्या उतारावर पोचली तेव्हा पाइपातलं तेल उकळून पायडलमधे जोर उरला नव्हता. व्यंकटनं पायडल दाबलं, ते तळाला गेलं. गिअर खाली घ्यायला गेला, हातब्रेक ओढला. गाडी पुलाच्या कठड्यावर आदळून ओढ्यात गेली. ज्या बाजूला सिंधुताई बसल्या होत्या, ती बाजू खाली आली; त्या जागीच गेल्या. लोक पोचले तेव्हा काचांमधे पेढे पसरले होते. व्यंकटचा पाय तीन ठिकाणी मोडला होता आणि तो एकच वाक्य परत परत बोलत होता, की पायडल तळाला गेलं, पायडल तळाला गेलं.

बातमी दुपारी लातूरला आली. कुणी तरी म्हणालं, पायडल तळाला गेलं म्हणे. त्याच क्षणी गफूरला फुगलेली रबरं आठवली. दहा वर्षांनी, एका झटक्यात, भिजल्या हरभऱ्यासारखी, प्रत्येक सुरकुतीसकट.

तरी माणूस आशा सोडत नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं पार्टच्या दुकानातून नव्या गाडीच्या ब्रेकचं एक रबर आणलं, स्वयंपाकघरातली एक वाटी उचलली, तीत करडीचं तेल घेऊन रबर बुडवलं आणि वाटी गॅरेजच्या फळीवर जुन्या डब्यांच्या मागं लपवली. रोज सकाळी तो वाटी काढून बघायचा. तिसऱ्या दिवशी रबर मऊ पडलं. आधी बोटातल्या अंगठीत बसत होतं, पाचव्या दिवशी ते बसेना. आठव्या दिवसानंतर त्यानं बघायचं सोडलं. गौसियाला एक वाटी कमी पडत होती.  ती त्याचं जेवण दिवसभर झाकून ठेवायची आणि रात्री तसंच उचलायची.

तेरावा झाल्यावर अमृतराव गॅरेजला आले. दाढी वाढलेली, डोक्याचा चमनगोटा. सोबत मुखेडचे साडू शेषेराव होते आणि कुबडीवर व्यंकट. चंद्रप्पानं आपलं दुकान सोडून त्यांच्यासाठी बाकडं पुसलं.

बोलणं शेषेरावांनीच सुरू केलं. पोलिसांत उद्या जबाब द्यायचा आहे. ड्रायव्हर म्हणतोय ब्रेक गेले. तीन महिन्यांच्या गाडीचे ब्रेक जातातच कसे? गावातले म्हणतात, डिझेल वाचवायला ह्यानं उतारावर गाडी न्यूट्रल केली. सगळेच ड्रायव्हर करतात. तसं असलं तर ह्याला आत टाकू, परत कुठल्या स्टेअरिंगला हात लावू देणार नाही. गाडी मुखेडला ठाण्यात पडली आहे, ती खोलून बघायची की नाही, तेही ठरवायचं आहे.

अमृतरावांनी शेषेरावांना हातानं थांबवलं. ते गफूरकडं बघत होते. "माझा ह्या गावात दुसऱ्या कुणावर भरोसा न्हाई, मिस्त्री. तुमचा हात लागल्याबिगर ती घराबाहेर पडत नव्हती. तुमी सांगाल ते मी लिहून देणार. गाडी गेली का माणूस चुकला?"

व्यंकट खाली बघत होता. कुबडी बगलेत रुतली होती. तो हळूच म्हणाला, "चाचा, मी तुमाला वासाचं सांगितलं होतं. तेवढं तरी सांगा. लेकरं हायत मला."

 खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण त्या दोन वाक्यांच्या पलीकडं काय आहे, ते त्याला दिसत होतं: अमृतरावांचा चेहरा, शिल्पाचा चेहरा, आणि हा हात, जो ह्यापुढं कुणाच्या बॉनेटवर ठेवता येणार नव्हता. त्याला दुसरी एकच गोष्ट येत होती, ती त्यानं केली. पाना उचलला आणि बाकडं ठोकलं.

"दादा, आता मी जे सांगून राहिलो, ते तुमाला खरं वाटणार न्हाई," तो म्हणाला, आणि त्याचा स्वतःचाच आवाज त्याला नेहमीसारखा वाटला.

मग त्यानं सांगितलं. तिसऱ्या दिवशी कुणाला न कळवता तो एसटीनं मुखेडला गेला म्हणे. उतारावर पायी चालला. डांबरावर टायरची एक खूण नव्हती. ब्रेक मारणारा माणूस खूण सोडतो. ठाण्यात जाऊन हवालदाराला चहा पाजला आणि चेपलेल्या दारातून आत वाकला. गिअरचा दांडा त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. न्यूट्रलला होता. ब्रेकची टाकी शाबूत, तेल खुणेपर्यंत, सोन्यासारखं. वासाचं म्हणाल तर नव्या गाडीत रंगाचा वास येतो, तो वेगळा. गाडी खोलायची गरज नाही, खोलली तर इन्शुरन्सवाले उलटे पकडतील. पोरगा वाईट नाही, पण चुकला. इथं त्यानं आवाजही भरून आणला, आणि खोटा आणता आणता तो खरोखर भरून आला.

तो थांबला. सवयीनं त्यानं चंद्रप्पाकडं बघितलं. आयुष्यभर ह्या माणसानं त्याला शेळ्यांवरून, माणसांच्या आकड्यावरून, उन्हातान्हावरून पकडलं होतं. आता पकड, असं गफूरला मनातून वाटलं. खरंच वाटलं. चंद्रप्पानं डोळे पुसले आणि मान हलवली. "न्यूट्रलच असणार," तो म्हणाला. "मला आधीच वाटलं होतं."

शेषेरावांनी हुंकार भरला. अमृतरावांनी डोळे मिटले.  बोलून उपयोग नाही, हे व्यंकटला कळलं असावं. त्यानं फक्त कुबडी एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतली, आणि तोल गेल्यावर भिंतीला हात लावला.

लोकांना पटलेली ही त्याची पहिलीच गोष्ट. गफूरनं हातातला पाना मांडीखाली धरला.

पडद्याआड बांगड्या वाजल्या. गौसिया चहा घेऊन बाहेर आली. परक्या पुरुषांसमोर ती कधी यायची नाही. कप पडद्यातून यायचे. डोक्यावरचा पदर तिनं दातात धरला होता. तिनं ताटली बाकड्यावर ठेवली. चार कप होते, आणि कपांच्या मधोमध एक वाटी. वाटीत पिवळं तेल आणि तेलात एक काळं रबर, भिजून टम्म फुगलेलं, वाटीच्या काठाला लागलेलं.

गफूर म्हणाला, "आत जा."

ती गेली नाही. पदर दातातून सोडून ती अमृतरावांकडं वळली.

"दादा, हे तेरा दिवसांत एकदा पार्टच्या दुकानाला गेले, बाकी मुखेडला काय, कोपऱ्यावरच्या पानपट्टीलासुदिक गेले न्हाईत," ती म्हणाली. "ताईच्या गाडीत माझ्या चुलीवरचं करडीचं तेल हाय, ह्यांनी घातलेलं. भूकंपाच्या टायमाला जीपची रबरं अशीच फुगली होती, मला दाखवली होती ह्यांनी. उद्या गाडी खोला. हे खोटं बोलून राहिलेत."